चौसष्ट पानांची सत्यप्रत

रविवारी सकाळी साडेदहाला विनायकराव पेंढरकर हिरव्या शाईचं पेन उघडत आणि इंदिरापुरममधल्या ‘ग्रीन व्हॅली अपार्टमेंट्स’च्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटचं सरकारी कार्यालय होई. ग्रीन व्हॅलीत हिरवं म्हणावं असं काही असलंच, तर ती ही शाई. आणि दरी म्हणावी, तर बिल्डरने दुसऱ्या लिफ्टसाठी खणून तसाच सोडलेला खड्डा.

विनायकराव केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव होते, म्हणजे राजपत्रित अधिकारी. स्पर्धा परीक्षांसाठी महाराष्ट्रातून दिल्लीत आलेली मुलं राजेंद्रनगरहून, मुखर्जीनगरहून दोन-दोन बस बदलून त्यांच्याकडे प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रतींवर सही घ्यायला येत. सहीबरोबर साबुदाण्याची खिचडी मिळे, त्यामुळे कधीकधी आधीच सही झालेले कागदही पुन्हा सहीला येत. विनायकरावांचा नियम एकच होता. “मूळ दाखव,” असं म्हटल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुठल्या सत्यप्रतीवर सही केली नव्हती. मूळ दाखवलं की ते पहिलं पान नीट जुळवून पाहत. त्यानंतरच्या पानांवर त्यांचा विश्वास असे.

कामाची वाटणी ठरलेली होती. अलकनंदाबाई शिक्का मारत, विनायकराव सही करत आणि त्यांचा मुलगा चिन्मय पानं उलटत असे. शिक्क्यावर ‘सत्यप्रत’ एवढंच असतं तर चाललं असतं, पण विनायकरावांनी स्वखर्चाने त्याखाली आणखी एक ओळ करून घेतली होती : ‘मूळ पाहून प्रमाणित’.

चिन्मय सत्तावीस वर्षांचा होता आणि नोएडातल्या एका कंपनीत इंजिनियर होता. खुलीकरणाने देशातल्या बुद्धीला जगाची दारं उघडून दिली, त्यांपैकी चिन्मयच्या वाट्याला अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या दाराची पाटी आली. कोणत्या रुग्णाने किती वाजता तोंड उघडायचं, याचं वेळापत्रक तो दिवसभर लिहीत असे. उरलेल्या वेळात त्याने स्वतःचा एक कॉम्प्युटर गेम केला होता. घरी विचारलं तर “रेल्वे रिझर्वेशनसारखं आहे,” असं तो सांगे.

तो गेम ‘चौखट की मर्यादा’ या हिंदी मालिकेची टिंगल होती. मालिकेची नायिका वसुंधरा अंगभर दागिने घालून झोपे, दागिन्यांतच उठे आणि एकदा तर अतिदक्षता विभागातही कमरबंदासकट दाखल झाली होती. चिन्मयच्या ‘चौखट के पीछे’ या गेममध्ये सासू जिना चढून येईपर्यंत वसुंधराचे अठ्ठेचाळीस दागिने एकेक करून उतरवायचे आणि पिठाच्या डब्यात लपवायचे असत. प्रत्येक आकड्याला, प्रत्येक फाशाला त्याने भौतिकशास्त्राचे नियम लावले होते. परिणाम असा, की सतराव्या दागिन्यापुढे अजून कुणीही गेलं नव्हतं. खेळ सुरू होताना ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी लाल पाटी येई. हे खरंच होतं. लहान मुलांना एवढा धीर नसतो.

चिन्मयने हा गेम टोपणनावाने इंटरनेटवर ठेवला आणि कुणाला काही कळणार नाही अशी खात्री बाळगली. वेबसाइटची नोंदणी करताना खरा पत्ता द्यावा लागतो, तो त्याने प्रामाणिकपणे दिला होता.

फेब्रुवारीत ऑफिसातला प्रतीक नेहरू प्लेसहून एक सीडी घेऊन आला. “पाचशे एक गेम्स, सिर्फ पचास रुपये! आणि हा बघ, चारशे बारावा. तुझाच ना, यार?”

चिन्मयचं रक्त तापलं. आपण केलेली वस्तू कुणीतरी सरळ उचलून फुटपाथवर विकतो, हा कोणता न्याय? प्रतीकची मावसबहीण सुरुची कस्तुरबा गांधी मार्गावर एका वकिलाच्या हाताखाली काम करत असे. शनिवारी दोघं तिच्याकडे गेले. तिने गेम दहा मिनिटं पाहिला, सहाव्या दागिन्याला सासूने तिला पकडलं आणि मग तिने विचारलं, “चेहरा कुणाचा आहे?”

“वसुंधराचा. म्हणजे, त्या नटीचा.”

“घर?”

“सिरियलमधलंच.”

“आणि सासू आली की हे जे ढँग-ढँग-ढँग वाजतं?”

“ते टीव्हीला वायर लावून रेकॉर्ड केलंय.”

“अच्छा. म्हणजे तुझी तक्रार अशी, की तू चोरलेला माल कुणीतरी चोरला.”

“ही चोरी नाही, पॅरडी आहे!” चिन्मय म्हणाला. “पॅरडीला परवानगी असते. मी नेटवर वाचलंय.”

“कुठल्या देशाच्या नेटवर? आपल्या कायद्यात पॅरडी हा शब्दच नाही. टीका-समीक्षेला थोडी सूट आहे. तू कोर्टात म्हणू शकतोस, की मायलॉर्ड, ही दागिन्यांची समीक्षा आहे. आठ-दहा वर्षांत निकाल लागेल. अश्लीलतेचं कलम वेगळं. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं.”

“पण यात अश्लील काही नाहीच! बाजूबंदापर्यंतसुद्धा कुणी पोचत नाही.”

“मग ‘फक्त प्रौढांसाठी’ कशाला लिहिलंस?”

“नाहीतर डाउनलोड कोण करणार?”

सुरुचीने पेन खाली ठेवलं. “बिल्कुल बरोबर. म्हणजे अश्लील ठरलं तर तुरुंग, आणि नाही ठरलं तर गिऱ्हाइकांची फसवणूक.” मग त्याचा चेहरा पाहून तिला जरा दया आली. “हे बघ, जे तुझं स्वतःचं आहे तेवढं तरी सांभाळ. तू लिहिलेली पटकथा, तू काढलेली चित्रं, ते तुझंच. तारखेचा पुरावा ठेव. सगळं कागदावर छाप आणि नोटरीचा नाहीतर कुणा गॅझेटेड ऑफिसरचा तारखेसकट शिक्का घे. आहे का कुणी ओळखीचा?”

“असेल कुणीतरी,” चिन्मय म्हणाला.

मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख तोंडावर होती आणि पेंढरकरांच्या घरी चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. एकोणिसावा विद्यार्थी गेला आणि विसावा यायच्या आत चिन्मयने आपला गठ्ठा पुढे सरकवला. सर्वांत वर त्याची इंजिनियरिंगची गुणपत्रिका होती.

“मूळ दाखव.”

चिन्मयने मूळ गुणपत्रिका दाखवली. विनायकरावांनी विषयवार गुण जुळवले, मुलाला तिसऱ्या सत्रात गणितात किती पडले होते याची आठवण करून दिली आणि सही केली. “बाकीची एवढी पानं कसली?”

“कंपनीला हवीत. व्हिसासाठी.”

त्या काळात व्हिसा हा शब्द ऐकल्यावर कोणत्याही बापाने चौसष्ट काय, सहाशे पानांवर सही केली असती. चिन्मय पान उलटे आणि तळवा पसरून वरचा भाग झाकून धरी. उजवा कोपरा तेवढा मोकळा राही. थप्प, सही, तारीख, थप्प, सही, तारीख. चौदाव्या पानावर अलकनंदाबाईंचा हात क्षणभर थांबला.

“काय झालं?” विनायकरावांनी विचारलं.

“काही नाही. शाई वाळली होती,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा थप्प.

त्यानंतरचे काही महिने सुखाचे गेले. जूनमध्ये अलकनंदाबाईंना टीव्हीच्या कुठल्याशा स्पर्धेत वाहिनीचं नाव छापलेला कॅसरोल बक्षीस मिळाला. त्यात वरच्या दोन पोळ्या गरम राहत आणि खालच्या घामाघूम होत. बक्षिसाच्या वस्तूत दोष काढू नये म्हणून सगळे त्या मुकाट्याने खात.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी चिन्मय जेवत असताना आतून ढँग-ढँग-ढँग ऐकू आलं आणि अलकनंदाबाईंनी हाक मारली, “चिन्मय, बघ तरी! सासू जिना चढतेय, आणि ही सगळे दागिने पिठाच्या डब्यात लपवतेय!”

चिन्मयच्या हातातला घास हातातच राहिला. सासू पंधरा भाग जिना चढत होती. वसुंधराने दागिने मोजले. अठ्ठेचाळीस!

“माझा गेम चोरला,” तो प्रतीकला फोनवर म्हणाला. “नक्की त्या पाचशे एक गेम्सच्या सीडीवरून. फुटपाथवरून उचलली त्यांनी स्टोरी.”

“मग केस कर.”

“मी कसा करणार? मी त्यांचं सगळं घर उचललंय.”

“मग बस आणि सिरियल बघ.”

बसून बघायचीही सोय राहिली नाही. सप्टेंबरमध्ये मालिकेच्या निर्मात्यांच्या वकिलांची नोटीस रजिस्टर पोस्टाने आली. ‘चौखट के पीछे’ हा अश्लील गेम म्हणजे भाग सहाशे अकरा ते सहाशे पंचवीसची निर्लज्ज नक्कल असून, तो ताबडतोब बंद करावा, जाहीर माफी मागावी आणि भरपाई द्यावी, असं त्यात होतं. भरपाईचा आकडा पाहून चिन्मयला आपल्या गेमबद्दल प्रथमच अभिमान वाटला.

सुरुचीला मात्र आनंद झाला. “हे भाग ऑगस्टचे ना? आणि तुझा शिक्का मार्चचा! म्हणजे तू त्यांची नक्कल त्यांनी मूळ करायच्या पाच महिने आधीच केलीस. दे ती फाइल.” तिने पानं चाळली. “विनायक पेंढरकर, अवर सचिव. तुझे कोण?”

“आमच्याच सोसायटीत राहतात,” चिन्मय म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

“भला माणूस दिसतोय. एक पान सोडलं नाही.”

तिने चौसष्टही पानांच्या झेरॉक्स जोडून उत्तर पाठवलं. समोरच्या पक्षाचा वकीलही सुरुचीच्याच जातकुळीतला असेल आणि तोही पानावरचं नाव वाचेल, हे चिन्मयच्या लक्षात यायला उशीर झाला. बारा दिवसांनी रजिस्टर पोस्टाने दुसरं पत्र आलं. हे विनायकरावांच्या नावाचं होतं.

शनिवारी दुपारी चिन्मय घरी आला तेव्हा विनायकराव टेबलाशी बसले होते. सरकारी मसुदा वाचताना ओळीखाली धरायची पट्टी त्यांच्या हातात होती.

“‘सोबत जोडलेली चौसष्ट पाने आपण मूळ पाहून प्रमाणित केली आहेत काय, ते होय अथवा नाही असे सात दिवसांत कळवावे. न कळवल्यास आपल्या मंत्रालयाकडे विचारणा करणे भाग पडेल,’” त्यांनी वाचलं. मग पट्टी दुसऱ्या कागदावर ठेवली. “पान एकेचाळीस. ‘खेळाडूने कमरबंदाचा आकडा उजव्या बटणाने हलकेच—’ हा तुझा व्हिसा?”

विनायकरावांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तिकेत एक वाकडी ओळ नव्हती, आणि ती पहिली ओळ आता कमरबंदाविषयी असणार होती.

“बाबा, मी लिहून देतो. मी तुम्हाला फसवलं, तुम्ही न बघता सही केली, तुमची काही चूक नाही.”

“न बघता!” विनायकराव उठून उभे राहिले. “न बघता सही करतो असं मी लिहून देऊ? तीन कलेक्टर आणि एक पोलीस अधीक्षक माझ्या सहीवर उभे आहेत! उद्या कुणी त्यांचे कागद उकरून काढले तर?”

“मग ‘होय’ कळवा.”

“म्हणजे भारत सरकारच्या अवर सचिवाने रविवारी सकाळी, आईवडिलांना सोडून आलेल्या लेकरांना बाहेर बसवून, हे सगळं शेवटपर्यंत पाहिलं?”

“शेवटपर्यंत कुणालाच पाहता येत नाही, बाबा. सतराव्या—”

“गप्प बस.” त्यांनी पट्टी पत्रातल्या ‘होय अथवा नाही’खाली धरली. ‘नाही’ म्हणावं तर चौतीस वर्षं खोटी पडत होती, ‘होय’ म्हणावं तर ते उत्तर खोटं होतं. अखेर चौतीस वर्षांत जे त्यांना दर अडचणीत सुचलं, तेच आताही सुचलं.

“मूळ दाखव,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाहेर सहा विद्यार्थी खिचडी खात बसले आणि आत विनायकराव कॉम्प्युटरसमोर. डाव्या हाताला चौसष्ट पानं, उजव्या हाताला पट्टी. सोळा दागिन्यांपर्यंतची पानं जुळली. सतराव्याला सासू आली. पुन्हा सुरुवात. पुन्हा सासू आली. अकराव्या वेळी बाहेरची एक मुलगी दार लोटून हळूच म्हणाली, “सर, माझं नॉन-क्रिमीलेअरचं...” आणि आतून ढँग-ढँग-ढँग ऐकून परत फिरली.

“हे पुढचं काढ ना!” विनायकराव घामाघूम झाले होते.

“मला येत नाही. खेळ मी केलाय, पण मलाही येत नाही.”

“सरका दोघं,” अलकनंदाबाई पदराला हात पुसत आल्या. “आधी हातफूल काढल्याशिवाय बांगड्या निघतील का? कधी बाईला दागिने उतरवताना पाहिलंय की नाही? हं. आता बांगड्या. बाजूबंद सैल करायचा, ओढायचा नाही. नथीचा फासा आतून.”

खिचडीला फोडणी घालावी तितक्या सहजतेने त्यांचा हात चालत होता. विनायकराव पट्टी सरकवत होते. एकोणतीस. छत्तीस. कमरबंद. सासू अजून जिन्याच्या मधल्या पायरीवरच होती, बिचारीला घाई करायचं कारणच उरलं नव्हतं. अठ्ठेचाळिसावी जोडवी पिठाच्या डब्यात पडली.

“आई, तुला एवढं कसं...”

“आणि चौदाव्या पानावर नथ उलटी काढलीयस. शिक्का मारतानाच बघितलं होतं मी.”

विनायकरावांनी चष्मा काढला. “म्हणजे तुला मार्चपासून माहीत होतं?”

“तुम्ही सही करत होतात, मी शिक्का मारत होते. दोघांपैकी एकाने तरी वाचायला नको?”

विनायकराव पुन्हा कागदाकडे वळले. पडदा काळा झाला होता आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करत होती. “पान चौसष्ट. ‘सर्व दागिने उतरल्यावर शेवटचे दृश्य.’ कुठाय ते?”

“ते... केलंच नाही,” चिन्मय म्हणाला. “तिथवर कुणी पोचेल असं वाटलं नव्हतं.”

“केलंच नाही?” विनायकरावांचा आवाज आत्तापर्यंत कमरबंदालाही चढला नव्हता एवढा चढला. “मूळ नाही, आणि मी सत्यप्रत दिली? त्रेसष्ट पानांचं मी बघून घेईन. हे चौसष्टावं पान म्हणजे उघड उघड खोटं प्रमाणपत्र आहे! मूळ तयार कर. बुधवारपर्यंत.”

“बाबा, ते प्रौढांसाठीचं दृश्य आहे.”

“मग मी काय बालवाडीत जातो?”

“पण त्यात दाखवू काय?”

या प्रश्नावर विनायकराव खोकले आणि खिडकीतून त्या अर्धवट लिफ्टच्या खड्ड्याकडे बारकाईने पाहू लागले. चिन्मय कीबोर्डकडे पाहू लागला.

“झोपू दे तिला,” अलकनंदाबाई म्हणाल्या.

“काय?”

“अरे, सहाशे भाग ती एवढं लोखंड घालून वावरतेय. सगळं उतरवल्यावर बाईला दुसरं काय सुचणार? मान चोळेल, हुश्श म्हणेल आणि आडवी होईल. हवं तर घोरू दे.”

मंगळवारी संध्याकाळी वसुंधरा झोपली. मान चोळून, हुश्श म्हणून, एका कुशीवर. विनायकरावांनी तिचं घोरणं पट्टीने मोजता येईना म्हणून घड्याळ लावून मोजलं, पान चौसष्टावर बारीक बरोबरची खूण केली आणि एका ओळीचं उत्तर लिहिलं : ‘होय. पाने १ ते ६४ यांचे मूळ पाहिले आहे.’ कधी पाहिलं, हे समोरच्याने विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा त्यांना चौतीस वर्षांचा सराव होता.

त्यानंतर निर्माते गप्प बसले. नोटीस त्यांनी मागे घेतली नाही. मोठी माणसं चुका मागे घेत नाहीत, विसरतात. सुरुचीच्या हुकमावरून चिन्मयने नटीचा चेहरा बदलून स्वतः काढलेला घातला, घर बदलून इंदिरापुरमचा फ्लॅट केला आणि ढँग-ढँगच्या जागी आईकडून परातीवर लाटणं वाजवून घेतलं. आता सगळं त्याचं स्वतःचं होतं. चारच दिवसांत नवी आवृत्ती नेहरू प्लेसच्या फुटपाथवर आली.

नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी ‘चौखट की मर्यादा’त वसुंधरा आरशासमोर बसली. तिने हातफूल काढलं. मग बांगड्या. बाजूबंद सैल केला, ओढला नाही. सगळं उतरल्यावर तिने मान चोळली, हुश्श म्हटलं आणि एका कुशीवर आडवी झाली. मग सगळ्या राष्ट्राने तिचं घोरणं ऐकलं.

चिन्मयने टीव्हीकडे पाहिलं, मग आईकडे. नवी आवृत्ती पाहून इतक्या लवकर चित्रीकरण? शिवाय बाजूबंदाचं ते सैल करणं गेममध्ये कुठे लिहिलेलंच नव्हतं. त्याची नजर टेबलावरच्या कॅसरोलवर गेली.

“आई, ही स्पर्धा कसली होती?”

“‘वसुंधराने पुढे काय करावं?’ पोस्टकार्डावर कळवायचं असतं. मी पिठाचा डबा कळवला होता, अठ्ठेचाळीस दागिन्यांसकट. आता झोपायचं कळवलं. या वेळी पहिला नंबर, डिनर सेट!” अलकनंदाबाईंनी पाकीट पुढे केलं. “त्यांनी फॉर्म पाठवलाय बघ, सही करून ठेवलीय मी.”

चिन्मयने फॉर्म वाचला. तळाशी मुंगीच्या अक्षरात छापलं होतं, की पाठवलेल्या सर्व कल्पना स्पर्धकाच्या स्वतःच्या असून, आजपासून त्यांवर कंपनीचा जगभर आणि कायमचा हक्क राहील.

“आई, तू हे वाचलंस?”

“त्यांनी सही मागितली, मी केली. एवढी वर्षं या घरात काढली, तेवढं शिकले नाही का?”

विनायकराव वर्तमानपत्रामागे होते.

“अहो,” अलकनंदाबाई म्हणाल्या, “या टीव्हीवाल्यांना रेशनकार्डाची सत्यप्रत हवीय. एवढी सही करता?”

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. विनायकरावांनी झेरॉक्स हातात घेतली, पहिलं पान पाहिलं, उलटून दुसरं पाहिलं, कोऱ्या पाठीवरूनही नजर फिरवली. मग हिरव्या शाईच्या पेनाचं टोपण काढलं आणि बायकोपुढे हात पसरला.

“मूळ दाखव.”